चालू बेरजेचे पैसे किती द्यायचे?

जाधववाडी बाजार समितीतला आडत्या असो की गुलमंडीवरचा कापड दुकानदार, रोजमेळात दोघांनाही एकच गोष्ट हवी असते: या नोंदीनंतर बाकी किती? ५०० जमा, २०० नावे, ३५० जमा. शेजारच्या रकान्यात ५००, ३००, ६५०. एवढ्यासाठी कुणी ‘खास सॉफ्टवेअर’ करून देतो म्हणत असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी थोडं थांबा.

नुसत्या बेरजेला पैसे पडत नाहीत. पायथन ही भाषा मोफत आहे आणि २०११ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीपासून तिच्यात ‘अक्युम्युलेट’ तयारच मिळतं. रकमांची यादी द्या, दर टप्प्याची बाकी हातात. मागील पानावरून पुढे आणलेली शिल्लक सुरुवातीलाच देण्याची सोय ३.८ मध्ये, म्हणजे २०१९ साली आली. भाषेच्या भानगडीत पडायचं नसेल तर गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस वापरा. तेही फुकट.

पत्रकात मात्र सूत्र बघून घ्या. प्रत्येक ओळीत ‘पहिल्या नोंदीपासून इथपर्यंत’ अशी बेरीज लावली, तर १०,००० नोंदींना ५ कोटी ५ हजार रकमा मोजाव्या लागतात. जुना संगणक इथेच धापा टाकतो. ‘वरची बाकी अधिक आजची रक्कम’ असं लिहिलं की काम १०,००० बेरजांत उरकतं. यात एक गोम आहे: मधली ओळ खोडली की खालची सगळी साखळी तुटते. म्हणून ओळ खोडूच नका, उलटी नोंद करा. जुने मुनीम तेच करत.

पैशांचा घोळ वेगळाच. दशांशात ०.१ आणि ०.२ मिळवले की पायथन ०.३०००००००००००००००४ दाखवतं. रकमा पैशांत, पूर्णांकात साठवायला सांगा.

मग पैसे कशाचे द्यायचे? जुन्या वह्या चढवण्याचे, मुलाला शिकवण्याचे आणि वर्षभराच्या दुरुस्तीचे. हे तिन्ही कोटेशनमध्ये वेगवेगळे लिहून घ्या. ‘एकूण पॅकेज’ म्हटलं की काय महाग पडलं ते कळतच नाही. १०,००० रुपयांच्या कामावर १८ टक्के जीएसटी धरून ११,८०० होतात. पण करणाऱ्याची जीएसटी नोंदणीच नसेल तर त्याला हा कर लावता येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक बघा. आपला डेटा सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढता आला पाहिजे, ही अटही लेखी घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी तो मागेल ती रक्कम मोजावी लागेल.

शेवटचा हप्ता देताना त्याच्यासमोर मागच्या तारखेची एक नोंद घाला. १२ जूनची राहिलेली पावती आज चढवली आणि १२ जूननंतरची प्रत्येक बाकी आपोआप बदलली नाही, तर हप्ता रोखून ठेवा.