आतड्याचा कर्करोग उलटला तर : रोबोट, खर्च आणि आमची वही

अहवाल वर्षात एकच प्रश्न अनेक नातेवाइकांनी आमच्या कार्यालयात येऊन विचारला. मोठ्या आतड्याचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतर उलटला आहे, मुंबईस रोबोटने शस्त्रक्रिया होते असे ऐकतो, तर कलमांची बाग गहाण टाकावी काय? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकीय मत देण्याचा आम्हांस अधिकार नाही. तथापि डॉक्टर मंडळींकडून जे समजून घेतले, ते देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या कुटुंबीयांपुढे ठेवीत आहोत.

रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करीत नाही. शल्यविशारद रुग्णापासून काही फुटांवर बसून, त्रिमित चित्र पाहत, यंत्राचे बाहू चालवितात. पोटातील उपकरण मनगटासारखे वळते व हाताचा सूक्ष्म कंप गाळला जातो. एकदा उघडलेल्या पोटात आतडी परस्परांस चिकटतात, मूत्रवाहिनी व्रणात गुरफटते. अशा अडचणीच्या जागी, विशेषतः ओटीपोटात, याचा लाभ होऊ शकतो. मात्र आजच्या बहुतेक यंत्रांतून बोटांना स्पर्श कळत नाही, आणि सर्वच घट्ट चिकटले असेल तर अनुभवी हात पोट उघडणेच पसंत करतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अवनीश सकलानी यांच्या पथकाने, शेजारचे अवयवही काढावे लागतात अशा गुदाशयाच्या कर्करोगांत रोबोट वापरला आहे.

पुरावा काय? 2017 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत गुदाशयाच्या कर्करोगाचे 471 रुग्ण होते. दुर्बिणीने सुरू केलेल्या शस्त्रक्रियेत 12.2 टक्के रुग्णांचे पोट मध्येच उघडावे लागले, रोबोटमध्ये 8.1 टक्के, संख्याशास्त्रानुसार हा फरक निर्णायक ठरला नाही. चीनमधील पुढील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष रोबोटला अधिक अनुकूल आहेत. पण दोन्हींतील रुग्ण पहिल्या शस्त्रक्रियेचे होते, उलटलेल्या रोगाचे नव्हेत.

उलटलेल्या रोगात खरा प्रश्न निराळा असतो. गाठ संपूर्ण निघेल काय? यकृतात वा फुप्फुसात मोजक्या गाठी असतील तर त्या काढून काही रुग्ण अनेक वर्षे जगतात. रोग सर्वत्र पसरल्यावर मात्र कोणतेही यंत्र उपयोगी पडत नाही. बहुतेक वेळा रोग पहिल्या तीन वर्षांतच उलटतो. म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी व पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी सीईए ही रक्ततपासणी, ठरल्या वेळी सीटी स्कॅन, आणि वर्षभराने कोलोनोस्कोपी सांगितली जाते.

येथे आमचीच चूक नमूद करणे भाग आहे. रुपया-पैशाचा हिशेब आम्ही काटेकोर ठेविला. शस्त्रक्रिया होऊन गावी परतलेल्या रुग्णांच्या पुढील तारखांची नोंद कोठेच नव्हती. एका बागायतदाराची एप्रिलमधील रक्ततपासणी आंब्याच्या हंगामामुळे राहिली, पुढे पावसाळ्यात राहिली. त्यांना कोणी आठवण केली नाही. दिवाळीनंतर ते आले तेव्हा पोटात पाणी झाले होते. त्यांचे चिरंजीव रोबोटविषयीच विचारीत होते.

रोबोटची किंमत कोट्यवधींत. शिवाय त्याची उपकरणे ठरावीक वापरानंतर यंत्रच नाकारते, हा खर्च बिलात उतरतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. रोबोटचा वाढीव खर्च बसेल काय, हे बाग गहाण टाकण्यापूर्वी लेखी विचारावे. मुंबईस जाताना पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणी व गाठीच्या तपासणीचा अहवाल सोबत न्यावा.

आता नोंदणी खिडकीवर तारखांची स्वतंत्र वही आहे. दर सोमवारी परिचारिका त्यातील घरी दूरध्वनी करतात. हंगामात कोणी उचलत नाही, म्हणून शेजाऱ्यांचा क्रमांकही लिहून घेतो.