बालहृदय शस्त्रक्रिया : वेळेचे महत्त्व

जन्मास येणाऱ्या दर १,००० बालकांमागे सुमारे ८ ते ९ बालकांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. काही दोष आपोआप नाहीसे होतात. मात्र अनेक बालकांना शस्त्रक्रियेवाचून तरणोपाय नसतो. संपन्न देशांत अशी बहुतेक बालके आज प्रौढ वय गाठतात. भारतासारख्या मर्यादित साधनांच्या देशांत मात्र त्यांतील पुष्कळ बालके शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचत नाहीत, किंवा फार उशिरा पोहोचतात.

ज्ञान आहे, अंतर मोठे

हे वैद्यकशास्त्राचे अपुरेपण नव्हे. १९३८ साली बोस्टन येथे डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी जन्मानंतर मिटावयास हवी असलेली, पण उघडी राहिलेली रक्तनलिका बांधून टाकली. १९४४ साली बाल्टिमोर येथे डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक, डॉ. हेलन टॉसिग व व्हिव्हियन थॉमस यांच्या प्रयत्नांतून निळसर पडणाऱ्या बालकांवरील शस्त्रक्रिया साकार झाली. १९५३ साली डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साह्याने हृदयातील छिद्र बुजविले. हे ज्ञान आज भारतातही रुजले आहे. परंतु एकट्या शल्यचिकित्सकाने हे काम होत नाही. भूलतज्ज्ञ, यंत्रतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभागातील प्रशिक्षित परिचारिका यांचे पथक त्यास लागते. अशी पथके प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत.

उशिराचे परिणाम

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास मोठे छिद्र असल्यास फुप्फुसांकडे वाजवीपेक्षा जास्त रक्त जाते. तेथील दाब वाढून रक्तवाहिन्या कठीण होतात. ही अवस्था कायमची झाल्यावर छिद्र बुजविणेच जिवावर बेतू शकते. म्हणजे पहिल्या वर्षात शस्त्रक्रियेने बरे होऊ शकणारे मूल पुढे उपचारांच्या पलीकडे जाते.

खुणा ओळखाव्यात

दूध पिताना बाळास धाप लागणे, कपाळावर घाम येणे, वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया होणे, ओठ व नखे निळसर दिसणे या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. खेळताना दमून उकिडवे बसणाऱ्या विद्यार्थ्याचीही तपासणी करून घ्यावी. वजन न वाढणारे प्रत्येक मूल केवळ अन्नाअभावी खुरटलेले असते, असे नाही.

ग्रहण पाळले नाही म्हणून बाळात व्यंग आले, असा दोष मातेस देणे सर्वस्वी निराधार आहे. बहुतेक प्रसंगी निश्चित कारण सापडत नाही. गरोदरपणाच्या प्रारंभी झालेला रुबेला हे मात्र ज्ञात कारण असून तो लसीने टाळता येतो.

शासकीय व्यवस्था

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली पालघर येथे झाला. त्यानुसार वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. दोष आढळल्यास पुढील तपासणी व शस्त्रक्रियेची सोय केली जाते. केरळ राज्याने २०१७ साली ‘हृद्यम्’ योजना सुरू केली. तीत बालकांची नोंदणी करून तातडीनुसार त्यांना शस्त्रक्रियेसाठी पाठविले जाते.

पथक गावात येईल त्या दिवशी एकही मूल गैरहजर राहू नये, हे शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी पाहावे. मूल शहरात पाठविण्याचे ठरल्यावर रोजगार बुडण्याच्या व प्रवासखर्चाच्या चिंतेने पालक मागे हटतात. तेथे पंचायतीने त्यांच्या पाठीशी उभे राहावे. शस्त्रक्रियेनंतरच्या फेरतपासण्याही चुकू देऊ नयेत. कुशल हातांपर्यंत मूल वेळेवर पोहोचविण्याची पहिली जबाबदारी गावाचीच आहे.