एसडीबीवर भरवसा ठेवू नकोस

अगं, काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "ताई, स्टुडिओच्या मशीनला नवा ड्रायव्हर आलाय, रात्री टाकते नि झोपते." टाकू नको असं नाही म्हणत मी. पण आधी माझी फजिती ऐक. लाजेपायी घरात कोणाला सांगितली नव्हती.

सौसरच्या दुकानातल्या माझ्या लिनक्सच्या मशीनला तुझ्यासारख्याच दोन डिस्क होत्या. एसडीएवर फोटो, एसडीबीवर बॅकअप. दर रविवारी स्क्रिप्ट एसडीबी पुसायची आणि फोटो नव्याने उतरवायची. "खरंच पुसू का?" हे मशीनचं विचारणं कटकटीचं वाटायचं, म्हणून मी तेही बंद करून ठेवलेलं. शहाणीच ना मी! एका शनिवारी डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलला आणि दोघींची नावं आपसात बदलली. सोमवारी फोल्डर उघडलं तर सगळं जागच्या जागी. फक्त त्या आठवड्यातल्या गोटमार जत्रेचे फोटो नव्हते. जाम नदीतला पळसाचा झेंडा, दोन्ही काठांवरची गर्दी, सगळं पुसलं गेलेलं. मी पाहत होते तो मागच्या रविवारचा बॅकअप होता.

बाई, एसडीबी हे डिस्कचं नाव नाहीच, तो पंगतीतला पाट आहे. ड्रायव्हरला जी डिस्क आधी सापडते ती पहिल्या पाटावर बसते. कधीकधी तर ड्रायव्हर पाटाचंच नाव बदलतो. 2007 साली फेडोरा 7 मध्ये जुन्या आयडीई डिस्कांचा कारभार नव्या ड्रायव्हरकडे गेला, आणि एचडीए होती ती एसडीए झाली. डिस्क तीच, डेटा तोच. आपलं नाही का, 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, घर हललं नाही पण कागदावरचं छिंदवाडा खोडावं लागलं.

म्हणून पाट सोड, यूयूआयडी धर. फॉरमॅट करताना प्रत्येक पार्टिशनवर हा लांबलचक क्रमांक लिहिला जातो; ड्रायव्हर बदलो की केबल, तो तसाच राहतो. 'ब्लकआयडी' ही कमांड चालव, दिसेल. डिस्क जोडण्याच्या एफएसटॅब फाइलमध्ये एसडीए-एसडीबीच्या जागी तोच घाल. बॅकअपच्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल'ही लिही, म्हणजे ती नाही सापडली तरी मशीन सुरू व्हायचं अडणार नाही. एफएसटॅब दुरुस्त करून बायका निर्धास्त होतात आणि स्क्रिप्टमधला एसडीबी तसाच राहतो. मला भोवला तो तोच.

आणखी दोन खोड्या आहेत यूयूआयडीच्या. पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलं की क्रमांक नवा पडतो, त्यामुळे माझ्यासारखी दर आठवड्याला पुसत बसू नकोस. बदललेल्या फायली तेवढ्या उतरव. आणि डिस्कची हुबेहूब नक्कल केलीस तर दोघींचा क्रमांक एकच होतो, त्या दोघी एकाच मशीनला एकदम लावायच्या नाहीत.

आज रात्री राहू दे. उद्या दुकान उघडलंस की दोन्ही डिस्कांवर चिकटपट्टी लाव, एकीवर 'फोटो', दुसरीवर 'बॅकअप', आणि क्रमांकाची शेवटची चार अक्षरं खाली लिही. बॅकअपची केबल काढून ठेव, मग टाक ड्रायव्हर. आणि तुझी बॅकअपची स्क्रिप्ट मला पाठव, एकदा नजरेखालून घालते.