निवृत्त कॉन्कॉर्ड पुन्हा उडवायचं, तर खर्च किती?

आकडा आधी सांगून टाकू. ध्वनीपेक्षा वेगानं जाणारं, निवृत्त झालेलं प्रवासी विमान पुन्हा उडतं करायचं असेल, तर हजार कोटी रुपयांच्या खाली बोलणीच सुरू होत नाहीत. एवढे पैसे रोख हातात असले तरी विमान उडेलच, अशी हमी आज कोणीही देत नाही.

मुंबईतल्या नायगावात बसून हा हिशेब करायची कारणं दोन. पहिलं असं की, कॉन्कॉर्ड मुंबईला अगदीच परकं नाही. एअर इंडियानं १९६०च्या दशकात दोन कॉन्कॉर्ड घेण्याचा हक्क राखून ठेवला होता. पुढे तो सोडून दिला आणि विमानं आलीच नाहीत. दुसरं कारण पैशाचं. ‘कॉन्कॉर्ड पुन्हा उडवू या, हातभार लावा’ अशा मोहिमा परदेशात निघत आल्या आहेत आणि विमानांचं वेड असलेला माणूस पाकीट काढायला फार वेळ लावत नाही. पैसे देण्याआधी ते नेमके कुठे जातात, हे कळलेलं बरं.

हिशेबाच्या सोयीसाठी पौंड ११५, डॉलर ८५ आणि युरो १०० रुपये धरला आहे. दर बदलले की आकडे हलतील, पण शून्यं तेवढीच राहतील.

खरेदी: सगळ्यात स्वस्त भाग

कॉन्कॉर्ड एकूण २० बांधली गेली. त्यातली १४ प्रवासी सेवेत होती, निम्मी ब्रिटिश एअरवेजकडे आणि निम्मी एअर फ्रान्सकडे. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ झालेल्या अपघातात ११३ जण गेले. त्यानंतर सुधारणा होऊन विमानं परत उडाली, पण २००३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी सेवा बंद केली. शेवटचं उड्डाण २६ नोव्हेंबर २००३ रोजी ब्रिस्टलजवळच्या फिल्टन विमानतळावर उतरलं. उरलेली विमानं आज संग्रहालयांत किंवा विमानतळांवर उभी आहेत. बाजारात एकही नाही. रिचर्ड ब्रॅन्सन यांनी ब्रिटिश एअरवेजची कॉन्कॉर्ड मागून पाहिली. बोली एका पौंडापासून सुरू करून त्यांनी ती लाखांच्या घरात नेली, तरी कंपनीनं दिली नाहीत.

बाजारात आले ते फक्त सुटे भाग. डिसेंबर २००३ मध्ये लंडनच्या लिलावात नुसतं नाकाचं टोक ३ लाख २० हजार पौंडांना, म्हणजे सुमारे पावणेचार कोटी रुपयांना गेलं. तेही दिवाणखान्यात ठेवण्यासाठी.

जुन्या विमानाच्या खरेदीची किंमत फसवी कशी असते, ते लुफ्तान्सानं अनुभवलं. या जर्मन कंपनीनं २००७ च्या अखेरीस अमेरिकेत १९५० च्या दशकातली तीन स्टारलायनर विमानं लिलावात घेतली. तिन्ही मिळून साडेसात लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे साडेसहा कोटी रुपयांच्याही आत. तिन्हींतून एक उडतं विमान करायचं ठरलं. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये काम अर्धवट थांबवलं, तोवर झालेला खर्च १५ कोटी युरोंच्या वर सांगितला गेला. म्हणजे दीड हजार कोटी रुपये. तेही पंख्याच्या, ध्वनीपेक्षा बऱ्याच कमी वेगाच्या विमानासाठी आणि स्वतःच्या विमानांची देखभाल करण्यात जगात नाव असलेल्या कंपनीकडून.

दुरुस्ती: न दिसणारं काम

सेवेत असताना कॉन्कॉर्ड एका अर्थानं स्वतःला वाळवत असे. ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाताना त्याच्या नाकाचं तापमान १२७ अंश सेल्सिअसपर्यंत जाई, संपूर्ण सांगाडा तापून इंचांत मोजण्याइतका लांबत असे. या उष्णतेनं आतली ओल निघून जाई. विमान उभं राहिलं, की ही सोय संपते. उघड्यावर ठेवलेल्या विमानाला गंज लागतो आणि तो नेमका पत्र्यांच्या जोडांत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी लागतो. म्हणून पहिलं बिल दुरुस्तीचं नसतं, उघडून बघण्याचं असतं.

त्यानंतरची यादी अशी:

• चार ऑलिम्पस ५९३ इंजिनं. सगळी खोलून तपासायची, बदलायचे भाग मिळाले तर बदलायचे.
• हायड्रॉलिक यंत्रणा. ब्रिटिश एअरवेजच्या विमानांतलं तेल निवृत्तीनंतर काढून टाकलं होतं. कोरड्या राहिलेल्या सीलचं काय झालं असेल, ते कोणताही गॅरेजवाला सांगेल.
• पंखांतल्या इंधनटाक्या, त्यांचं अस्तर, मैलोगणती वायरिंग, चाकं, ब्रेक.

तुलनेसाठी एक आकडा ध्यानात ठेवा. २००० च्या अपघातानंतर टाक्यांना केव्हलारचं अस्तर लावणं आणि तत्सम सुरक्षा-बदल यांवर ब्रिटिश एअरवेजनं सुमारे १ कोटी ७० लाख पौंड, म्हणजे १९५ कोटी रुपये खर्च केले. तेव्हा विमानं धडधाकट होती, कुशल माणसं नोकरीत होती आणि कारखाना पाठीशी उभा होता. आज यातलं काहीच नाही.

सही: जी विकत मिळत नाही

विमान उडवायचं, तर त्याच्या उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे ते डीजीसीए देतं, ब्रिटनमध्ये तिथलं नागरी उड्डाण प्राधिकरण. हे प्रमाणपत्र मिळण्यासाठी विमानाच्या आराखड्याची जबाबदारी घेणारं कोणी तरी हवं: भेग किती चालेल, भाग कधी बदलायचा, हे लिहून देणारं. कॉन्कॉर्डच्या बाबतीत ही जबाबदारी एअरबसकडे होती. २००३ मध्ये एअरबसनं पाठिंबा काढून घेण्याचा निर्णय घेतला आणि इथेच विमान खरं जमिनीवर आलं.

पैसा असून सही नसेल तर काय होतं, याचा चोख दाखला म्हणजे ब्रिटनचं व्हल्कन एक्सएच५५८ हे बॉम्बफेकी विमान. त्याची इंजिनंही ऑलिम्पसच, कॉन्कॉर्डच्या इंजिनांची आधीची पिढी. लॉटरी निधीतून २७ लाख पौंड आणि लोकांच्या देणग्या मिळून सुमारे ७० लाख पौंड, म्हणजे ८० कोटी रुपये लागले. ऑक्टोबर २००७ मध्ये ते उडालं. पुढे दरवर्षी साधारण २० लाख पौंड, म्हणजे २३ कोटी रुपये नुसतं उडतं ठेवायला लागत. २०१२ मध्ये ओलावा शोषणाऱ्या पुड्या इंजिनात ओढल्या गेल्या आणि एका झटक्यात दोन इंजिनं गेली. तरीही लोकांनी पैसे दिले, विमान परत उडालं. शेवटी ऑक्टोबर २०१५ मध्ये ते थांबलं, पण पैसे संपले म्हणून नव्हे. तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी ‘यापुढे आम्ही सही करणार नाही’ असं सांगितलं म्हणून.

आपल्याकडचा दाखला कॅप्टन अमोल यादव यांचा. कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते सगळ्यांनी पाहिलं. नोंदणीचं प्रमाणपत्र हातात पडायला नोव्हेंबर २०१७ उजाडला आणि धुळ्याला चाचणी उड्डाण झालं ते २०२० मध्ये. विमान पूर्ण झाल्यावरही वर्षं कागदांत जातात, हे अंदाजपत्रकात धरायलाच हवं. त्या काळात जागेचं भाडं आणि माणसांचा पगार चालूच असतो.

चालवणं: दरमहा येणारं बिल

नायगावच्या बीडीडी चाळीच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, हे ऐकल्यावर जाणत्या माणसाचा पुढचा प्रश्न असतो: टॉवरचा मेंटेनन्स किती? विमानालाही तोच प्रश्न विचारा.

इंधन: कॉन्कॉर्ड तासाला सुमारे २५,६०० लिटर इंधन पिई. विमानाचं इंधन ९० रुपये लिटर धरलं, तर तासाला २३ लाख रुपये. टाक्या पूर्ण भरायच्या, म्हणजे सुमारे १ लाख १९ हजार लिटर, तर एका वेळेला एक कोटी सात लाख.

माणसं: कॉकपिटमध्ये दोन वैमानिक आणि एक फ्लाइट इंजिनिअर लागतो. २००३ नंतर हे विमान कोणीच चालवलेलं नाही. नव्यानं शिकवायचं, तर आधी मान्यताप्राप्त सिम्युलेटर उभा करावा लागेल. त्याचं बिल वेगळं.

विमा, हँगर, धावपट्टीचं भाडं, अग्निशमन दल या गोष्टी विमान न उडालं तरी चुकत नाहीत.

झालं कधी, आणि कसं?

निवृत्त स्वनातीत प्रवासी विमान परत उडाल्याचं उदाहरण एकच, रशियाच्या तुपोलेव टीयू-१४४ चं. अमेरिकेच्या नासाशी करार करून १९८१ मध्ये बांधलेलं एक विमान गोदामातून काढलं. ते जेमतेम ८२ तास उडालेलं होतं, म्हणजे जवळजवळ कोरं. मूळ इंजिनं बनणं बंद झालेलं, म्हणून चारही बदलून बॉम्बफेकी विमानाची इंजिनं बसवली. २९ नोव्हेंबर १९९६ रोजी ते उडालं आणि १९९९ पर्यंत प्रयोगांसाठी २७ उड्डाणं झाली. खर्च सुमारे ३५ कोटी डॉलर, म्हणजे तीन हजार कोटी रुपये सांगितला जातो. मूळ आराखडा करणारी तुपोलेव संस्था स्वतः कामाला होती, म्हणून हे जमलं. सहीचा प्रश्न घरातच सुटला.

उलट, २०१५ मध्ये ब्रिटनच्या एका क्लबनं कॉन्कॉर्ड उडवायला १२ कोटी पौंड, म्हणजे १,३८० कोटी रुपये जमल्याचं जाहीर केलं. २०१९ ची तारीखही दिली. विमान उडालं नाही.

भारतात यशस्वी झालेलं काम साध्या विमानाचं आहे. वायुदलाचं ‘परशुराम’ हे डकोटा राजीव चंद्रशेखर यांनी स्वखर्चानं ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून घेतलं आणि एप्रिल २०१८ मध्ये ते कॉव्हेन्ट्रीहून उडत जामनगरला आलं. डकोटा हजारोंनी बनली, तिचे भाग आणि जाणकार आजही सापडतात. कॉन्कॉर्ड वीसच होती.

तुमच्या बजेटमध्ये काय बसतं?

टॅक्सीभाड्यात: वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. तिथे एचएएलनं बांधलेलं एचएफ-२४ ‘मरुत’ हे लढाऊ विमान उभं आहे. कुर्ट टँक यांचा आराखडा, पहिलं उड्डाण १७ जून १९६१. आखलं होतं ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी, पण त्या ताकदीचं इंजिन मिळालं नाही. इंजिनावाचून आराखड्याचं काय होतं, हे मुलांना दाखवायला याहून जवळची जागा नाही.

रेल्वेच्या तिकिटात: दादरहून जनशताब्दीनं मडगाव आणि तिथून बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय. इथे सुपर कॉन्स्टेलेशन आहे. एके काळी ते एअर इंडियाचं ‘रानी ऑफ एलोरा’ होतं, मग वायुदलात आणि शेवटी नौदलात गेलं. लुफ्तान्सानं ज्यावर दीड हजार कोटी घालवले, त्याच कुळातलं. सोमवार टाळा.

परदेशी नातेवाईक असतील तर: न्यूयॉर्कचं इंट्रेपिड, ब्रिस्टलचं एरोस्पेस संग्रहालय, पॅरिसजवळचं ल बूर्जे. तिघांकडेही खरी कॉन्कॉर्ड आहेत. नातेवाइकांकडे जाणारच असाल, तर एक दिवस त्यासाठी ठेवा.

देणगी देण्याआधी पाच प्रश्न

१. विमानाची मालकी कोणाची? मालकाचं लेखी संमतिपत्र दाखवता येतं का?
२. तांत्रिक जबाबदारी कोणत्या कंपनीनं घेतली आहे? तिचं पत्र नसेल, तर पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही.
३. उड्डाणानंतरच्या वर्षांचा खर्च कुठून येणार?
४. काम थांबलं, तर पैसे परत मिळणार की संग्रहालयाला जाणार?
५. ताळेबंद दरवर्षी जाहीर होतो का?

परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आपल्याकडे ८०जीची सवलत मिळत नाही. पैसे पाठवण्याला रिझर्व्ह बँकेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. मोठी रक्कम असेल, तर टीसीएस किती कापला जाईल, ते बँकेत आधी विचारा. लिलावातून सुटा भाग घेत असाल, तर वाहतूक आणि सीमाशुल्क बोलीच्या रकमेत धरूनच हात वर करा.

आमचा सल्ला असा: ‘उडवण्या’साठी मागितलेल्या पैशाला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत नाही म्हणा. ‘सांभाळण्या’साठी मागितले, म्हणजे छप्पर, रंग, गंज काढणं यांसाठी, तर पावती घेऊन खुशाल द्या. ते काम पाचशे रुपयांतही थोडं पुढे सरकतं.