आधी अल्फा, मग बीटा



फिओक्रोमोसायटोमा ही मूत्रपिंडावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या गाभ्यातली गाठ. ती अ‍ॅड्रिनलिन व नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडते, कधी सतत, कधी झटक्याने. झटक्यात डोके ठणकते, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. बहुतेकदा तासाभरात सारे ओसरते. रुग्ण ओपीडीत पोचेपर्यंत रक्तदाब कित्येकदा नॉर्मल. मग केसपेपरवर ‘अँग्झायटी’ लिहिले जाते, बाई पंचेचाळिशीची असेल तर ‘पाळी जाण्याचा त्रास’, आणि चौकशी तिथेच थांबते. तरुणपणीच जडलेला, तीन औषधांनाही न जुमानणारा किंवा भूल देताना भडकलेला रक्तदाब दिसला, तर या गाठीची आठवण व्हायला हवी.

तपासणीत आधी रसायन, मग चित्र. रक्तातली किंवा 24 तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन, म्हणजे याच संप्रेरकांपासून बनणारी द्रव्ये, मोजतात. रक्त घेण्यापूर्वी रुग्ण वीस-तीस मिनिटे उताणा पडलेला हवा. खुर्चीत बसवून घाईने घेतलेला नमुना उगीच वाढीव आकडा दाखवतो. नैराश्यावरची काही औषधेही तसेच करतात. आकडा ठळकपणे वाढलेला असेल तर सीटी किंवा एमआरआय. गाठीत सुई घालून तुकडा काढण्याचा मोह मात्र जिवावर बेतू शकतो.

खरी चूक होते ती औषधांच्या क्रमात. धडधड दिसली की हात बीटा ब्लॉकरकडे जातो. पण रक्तवाहिन्या सैलावणारे बीटा ग्राहक बंद पडले आणि आवळणारे अल्फा मोकळे राहिले, की दाब उसळतो. म्हणून प्रथम अल्फा ब्लॉकर: फिनॉक्सिबेन्झमिन, प्राझोसिन किंवा डॉक्साझोसिन; सोबत भरपूर पाणी आणि मीठ, कारण आक्रसलेल्या रक्तवाहिन्यांत रक्ताचे आकारमान घटलेले असते. (दाबाच्या रुग्णाला मीठ वाढवायला सांगताना नातेवाईक हमखास चमकतात.) धडधड उरलीच तर बीटा त्यानंतर. अशा एक-दोन आठवड्यांच्या तयारीनंतर गाठ बहुधा दुर्बिणीतून काढतात. ती निघताच दाब कोसळू शकतो, साखरही उतरू शकते. पहिला दिवस डोळ्यांत तेल घालून काढावा लागतो.

सुमारे एक तृतीयांश रुग्णांत दोष आनुवंशिक असतो. 1886 मध्ये फ्रायबुर्गच्या फ्रेंकेल यांनी वर्णिलेल्या 18 वर्षांच्या मुलीच्या दोन्ही ग्रंथींत गाठी होत्या. 2007 मध्ये तिच्या नातलगांत रेट जनुकातला बदल सापडला. त्यामुळे जनुकतपासणी प्रत्येक रुग्णाला सुचवावी आणि बदल आढळल्यास भावंडांना व मुलांनाही बोलवावे. गाठ कित्येक वर्षांनंतरही उलटू शकते; शस्त्रक्रियेनंतर निदान दहा वर्षे, आनुवंशिक दोष असल्यास आयुष्यभर, दरवर्षी मेटानेफ्रिन मोजतात.

— मामा