सही मागण्याआधी डाव पाठ कर

पोरा, तुला संदीप पाटीलच्या सह्या जमवायच्या आहेत हे ऐकून मनापासून बरं वाटलं. तुझ्या वयाची मुलं सचिन, धोनी, विराटच्या मागे लागतात. तिथे गर्दी फार आणि बाजारात खोट्या सह्याही तितक्याच. पाटीलच्या नावावर २९ कसोटी, १५८८ धावा, चार शतकं. एवढ्यावर कुणी पुतळा उभारत नाही. पण त्याच्यासारखा फटका मारणारे त्या काळी आपल्याकडे फार थोडे होते, आणि ज्यांनी तो पाहिला ते अजून त्याच्याबद्दल बोलताना हात फिरवून दाखवतात.

कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंची छापील कार्डं मिळतात. ओ-पी-ची कंपनीची कार्डं तिथल्या कित्येक पिढ्यांनी जमवली. त्यातही धडक देणारे, आज या संघात तर उद्या त्या संघात खेळणारे जे गडी असतात, त्यांची सही केलेली कार्डं जमवणारी मंडळी वेगळी. ते लोक मला आपले वाटतात. आपल्याकडे कार्डांची तशी परंपरा नव्हती. बिग फन बबलगमसोबत क्रिकेटवाल्यांची चित्रं यायची तेवढीच. बाकी आमची कार्डं म्हणजे मासिकातली रंगीत पानं. ‘एकच षटकार’ हे मराठी पाक्षिक तर खुद्द पाटीलच्याच संपादनाखाली निघायचं. रद्दीवाल्याकडे त्याचा जुना गठ्ठा दिसला तर पानं सुटी न करता अख्खा अंक घे. अंकावर तारीख असते, कापलेल्या पानावर नसते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. सही जितकी महत्त्वाची, तितकीच ती कोणत्या डावाच्या फोटोवर आहे याची नोंद महत्त्वाची. ओल्ड ट्रॅफर्डचंच बघ. जून १९८२ च्या कसोटीत पाटीलने तिथे नाबाद १२९ केल्या आणि बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले. मध्ये एक नो-बॉल होता, म्हणून षटक सात चेंडूंचं झालं. बरोबर वर्षाने, २२ जून १९८३ ला, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याच मैदानावर ३२ चेंडूंत नाबाद ५१. समोर तोच इंग्लंड, त्यांचा कर्णधार तोच विलिस, आणि त्या वेळी एकदिवसीय सामन्यातही कपडे पांढरेच. नोंद नसलेला फोटो हातात आला तर चांगले जाणकारही या दोन डावांची गल्लत करतात. म्हणून आधी डाव पाठ कर, मग फोटो निवड, सही शेवटी.

तसाच सिडनी आणि अ‍ॅडलेडचा जोड आहे. जानेवारी १९८१ मध्ये सिडनीला पाटील ६५ वर होता, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. लेन पास्कोचा उसळता चेंडू कानाजवळ बसला आणि तो खेळपट्टीवर कोसळला. त्याच महिन्यात अ‍ॅडलेडला हेल्मेट घालून उतरला आणि १७४ काढल्या. माझ्या मते त्याच्या सगळ्या खेळीत ही मोठी. विश्वचषकाचे फोटो सगळेच पुढे करतात. तू अ‍ॅडलेडचा केलास तर सही करणाऱ्याचा हात क्षणभर थांबेल आणि दोन शब्द जास्त कानावर पडतील. ते शब्द त्याच संध्याकाळी वहीत उतरव.

फोटो चकचकीत कागदावर काढू नकोस. स्टुडिओवाल्याला मॅट कागद सांग, आकार सहा बाय आठ. पांढऱ्या कपड्यांचा फायदा असा की निळी सही पॅडवर किंवा शर्टावर उठून दिसते. काळपट प्रेक्षक असलेल्या भागावर सही घेतली तर ती फुकट गेली. वर्तमानपत्राच्या कात्रणावर तर कधीच घेऊ नकोस. शाई पसरते, आणि तो कागद मुळातच आम्लाचा, काही वर्षांत पिवळा पडून तुटतो. पेन म्हणजे बारीक टोकाचा निळा परमनंट मार्कर, सीडीवर लिहायला मिळायचा तो. बॉलपेन फोटोवर खड्डा पाडतं, जेल पेन वाळत नाही. पेन तुझं तू ने, टोपण काढून हातात दे, आणि सही झाल्यावर फोटो उघडा धर. लगेच दुसरा त्यावर ठेवलास तर सहीचा छाप वरच्याच्या पाठीवर जातो.

भेटायचं कुठे? आपण बुलडाण्याचे, मोठं मैदान म्हणजे नागपूर. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं मुंबई–नागपूर मार्गावर आहेत हे आपलं नशीब, रात्री बसलास की सकाळी पोचतोस. पण सामन्याच्या दिवशी फाटकाशी उभं राहण्यात अर्थ नाही. जुने खेळाडू बक्षीस समारंभाला, शिबिराच्या उद्‌घाटनाला, पुस्तकाच्या कार्यक्रमाला येतात. तिथे कार्यक्रम संपून चहा होईपर्यंत थांब. शेगावला कुणी दर्शनाला आलेला दिसला तर मंदिरात त्याच्याकडे वळूनसुद्धा बघू नकोस. तो गजानन महाराजांकडे आलाय. समोर गेलास की “सर, नमस्कार” म्हण आणि मराठीत बोल, माणूस शिवाजी पार्कचा आहे. एका भेटीत एकच फोटो पुढे कर. पाच फोटो पुढे करणाऱ्याला लोक व्यापारी समजतात, आणि बहुधा बरोबरच समजतात.

टपालाने मागवायची तर पत्र हाताने लिही, अर्ध्या पानाचं. कोणता डाव, तो तुला का आवडतो, एवढंच. आत आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट आणि फोटोच्या मापाचा जाड पुठ्ठा ठेव. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टनेच पाठव. उत्तर आलं नाही तर आठवण करून देणारी पत्रं लिहू नकोस.

विकत घेण्याबद्दल मी कडक आहे. सही कुणी, कुठे, कधी घेतली हे विकणारा सांगू शकत नसेल तर उठून ये. भिंगाखाली बघ. छापील सही बारीक ठिपक्यांची बनलेली असते. खरी शाई तिरक्या उजेडात कागदावर वेगळी चमकते, आणि जिथे रेघ रेघेवरून गेली तिथे गडद होते. शिवाय माणसाची सही तरुणपणी एक आणि सत्तरीत एक. नव्या फोटोवर चाळीस वर्षांपूर्वीचं वळण दिसलं तर संशय घ्यायचा.

जपण्याचं मात्र आपल्या जिल्ह्यात अवघड आहे. घाटावर बुलडाणा, चिखलीला थोडी हवा तरी आहे. घाटाखाली खामगाव, मलकापूरला मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो. स्लॅबखालच्या लोखंडी पेटीत फोटो ठेवले तर ते एकमेकांना चिकटलेच समज. आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेव. लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, जुन्या चिकट पानांचे अल्बम नाहीत. मऊ, वास येणारं प्लॅस्टिक शाई ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलीनची कडक पिशवी माग. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी घाल, वाळवी आणि कसर बघायला महिन्यातून एकदा कपाट उघड. भिंतीवर लावायचीच हौस असेल तर मूळ आत ठेवून प्रत लाव, उन्हाने निळी शाई आधी उडते.

नोंद फोटोच्या पाठीवर नको, वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने करून त्याच पिशवीत मागे घाल, आणि तीच वहीत उतरव.

आणि विश्वचषकावर थांबू नकोस. पाटील मुंबई सोडून मध्य प्रदेशाकडे गेला, तिथे कर्णधार झाला. पुढे केनियाचा प्रशिक्षक झाला आणि २००३ च्या विश्वचषकात त्या संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेलं, तिथे डर्बनला समोर भारतच. २०१२ ते २०१६ भारताच्या निवड समितीचा अध्यक्ष. केनियाच्या कपड्यातला त्याचा सही केलेला फोटो मी आजवर कुणाकडे पाहिलेला नाही. तो मिळव. आधी २० मार्च २००३ च्या सामन्याचा धावफलक वहीत लिहून काढ, मग फोटो शोधायला लाग.