डिफरन्शियलच्या गोळ्याला रंग कोणता?

प्रश्न : दहाचाकी ट्रक रंगवायला टाकलाय. मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याला पेंटर लाल म्हणतो, ड्रायव्हर काळा. काय करू? – एक ट्रकमालक, कराड

उत्तर : दोघांचंही ऐकू नका, फिका राखाडी द्या. काळ्यावर मळ दिसत नाही हे खरं, पण तेलही दिसत नाही. राखाडीवर ओला डाग आणि त्याला चिकटलेली धूळ लगेच नजरेत भरते. लाल झकास दिसतो, पहिल्या चिखलापर्यंत! बऱ्याच ट्रकांत हा गोळा वेल्ड केलेला असतो. तेल पाझरतं ते पुढच्या जोडातून किंवा पिनियनच्या सीलमधून. म्हणून रंग पूर्ण हाउसिंगला द्या. सायलेन्सरचा उष्णतारोधक रंग लागत नाही, साधं सिंथेटिक इनॅमल पुरतं.

खरी मेख तयारीत आहे. डिझेलने धुतल्यावर थिनरच्या फडक्याने पुसाच, नाहीतर रंगाचे पोपडे निघतील. मग तारेचा ब्रश, रेड ऑक्साइड आणि रंगाचे दोन पातळ हात. ब्रीदरवर आधी टेप लावा, काम झाल्यावर आठवणीने काढा. तो बुजला तर आत दाब वाढून सीलमधून तेल बाहेर येतं.

नजर लागू नये म्हणून पेंटरला गोळ्यावर राक्षस काढायचा असेल तर खुशाल काढू द्या. फक्त ड्रेन प्लगभोवतीचा भाग कोरा ठेवायला सांगा.